आर. के. पुरमहून आणलेली कुत्री

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर आम्ही सोडलं तेव्हा तिथे आम्हाला बावीस वर्षं झाली होती. मी निवृत्त झालो होतो आणि त्यानंतर क्वार्टरमध्ये राहायची जी मुदत मिळते ती संपत आली होती. मुलगा बंगलोरला एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. नोएडातल्या सोसायटीत मी फार पूर्वी, ऑफिसातल्या चार मित्रांच्या नादाने, फ्लॅटसाठी नाव घातलं होतं. तेव्हा तिथे मोहरीची शेतं होती. ते मित्र एकेक करून आपापल्या गावी निघून गेले. फ्लॅट बांधून तयार झाला आणि तिथे जायला आम्ही दोघंच उरलो.

हिला जायचं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी ते बोलून दाखवत नव्हतो.

क्वार्टर तळमजल्यावरचं होतं. स्वयंपाकघराचं दार मागच्या गल्लीत उघडायचं आणि त्या दाराशी एक कुत्री सहासात वर्षं येत असे. तांबूस, मध्यम चणीची, डावा कान कुठल्याशा भांडणात अर्धा गेलेला. ती आमची होती असं म्हणता येणार नाही. सकाळी आमच्याकडची पोळी, दुपारी शेजारच्या बंगाली बाईंचा भात, संध्याकाळी मार्केटातल्या हलवायासमोर बैठक, असा तिचा दिवस ठरलेला होता. तिला नाव असं नव्हतं. ही नुसती "ये गं" म्हणायची आणि ती यायची. घरात मात्र कधी पाऊल टाकायची नाही. पावसात भिजत असली तरी उंबऱ्याबाहेर बसायची.

सामान हलवायला पाच दिवस उरले होते. दुपारी मी पुस्तकं खोक्यात भरत होतो आणि मागच्या बाजूला हिचा आवाज आला, "अहो, लवकर या, लवकर!" कोणाची तरी नवी गाडी मागे घेताना चाक कुत्रीच्या मागच्या पायावरून गेलं होतं. ती तीन पायांवर, तो चौथा ओढत, आमच्याच दाराशी येऊन पडली होती. ओरडत नव्हती. नुसती थरथरत होती.

आम्ही तिला जुन्या सतरंजीत गुंडाळून रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "छह हफ्ते. सड़क पर छोड़ देंगे तो पैर गया समझिए."

परतताना रिक्षात ही म्हणाली, "सहा आठवडे."

"आपण मंगळवारी निघतोय."

"म्हणूनच म्हणतेय."

"तिसऱ्या मजल्यावर? कुत्री?"

"मग इथे कोणाच्या दारात टाकू? क्वार्टरमध्ये नवे लोक येणार. ते हिला पोळी घालतील की काठी, कुणी सांगावं?"

मी म्हणालो, "पाय बरा होईपर्यंत. मग परत आणून सोडायची."

"बिल्कुल," ही म्हणाली. हिला मनातून पटलेलं नसलं की ती मराठीत 'हो' म्हणत नसे, हिंदीत 'बिल्कुल' म्हणायची. इतक्या वर्षांत मला ते चांगलं ठाऊक झालं होतं.

मंगळवारी ट्रक पुढे गेला आणि आम्ही मागून व्हॅनमध्ये, मध्ये कुत्री. यमुनेच्या पुलावर तिने पहिल्यांदा मान वर केली, बाहेर पाहिलं आणि पुन्हा हिच्या मांडीत तोंड घातलं.

सोसायटी चार मजली इमारतींची होती, लिफ्ट नव्हती. आमचा फ्लॅट वरून पहिला, म्हणजे खालून बावन्न पायऱ्या. वर गच्ची होती, पण पाण्याच्या टाक्या असल्यामुळे तिला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींकडे. मे महिना. दुपारी लाइट जायची आणि ज्यांच्याकडे जनरेटर होते त्यांचे सुरू व्हायचे. आमच्याकडे नव्हता, आम्ही त्यांचा आवाज ऐकत घाम पुसत बसायचो. सकाळी आठला सोसायटी रिकामी व्हायची. तरुण माणसं टाय लावून गाड्यांतून जायची ती अंधार पडल्यावर यायची. फोनसाठी अर्ज दिला होता, तो यायचा होता. बस मोठ्या रस्त्यावरून जायची आणि त्या रस्त्यापर्यंत सावलीला एक झाड नव्हतं. आमच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या दिसायच्या आणि त्यांत वाळत घातलेले कपडे. आर. के. पुरमला मी सकाळी चौघांबरोबर फिरायला जायचो. इथे पहिल्या आठवड्यात मी एकट्यानेच सोसायटीला तीन फेऱ्या मारल्या, मग ते सोडून दिलं.

कुत्रीला आम्ही बैठकीच्या कोपऱ्यात सतरंजी घातली. ती तिथे बसली नाही. बाहेरच्या दाराला नाक लावून, फटीतून येणारा वारा हुंगत पडली. पाणी प्यायली, खाल्लं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने लघवीच केली नाही. तो दिवस गेला, रात्र गेली, दुसरी दुपार आली.

"हिला घरात करायची सवय नाही," ही म्हणाली. "सात वर्षांत ही आत आली नाही, घरात कशी घाण करेल?"

"बाथरूममध्ये ने."

"नेलं होतं. माझ्याकडे अशी बघते जशी काही मी तिचा अपमान केला."

शेवटी मी तिला उचललं. साठी गाठलेला माणूस, कमरेचं दुखणं, आणि हातात पंधरासोळा किलोंची प्लास्टर घातलेली कुत्री. प्रत्येक मजल्यावर थांबत खाली उतरलो. मागच्या भिंतीपाशी तिला ठेवलं आणि ती लगेच बसली. किती वेळ ते चाललं होतं, मलाच सुटका झाल्यासारखं वाटलं. ती अजून उठते आहे तोवर भिंतीच्या कडेने पाच कुत्री आली. सोसायटीतली, पिवळट, दांडगी. ती भुंकली नाहीत. सरळ अर्धगोल करून उभी राहिली आणि पुढे सरकायला लागली. मी तिला उचलून छातीशी धरलं आणि मागे मागे येत जिना गाठला. तिचं हृदय माझ्या हातावर धडधडत होतं.

चौकीदार वयस्कर होता, बुंदेलखंडाकडचा. त्याने काठी आपटून त्यांना हाकललं आणि मला म्हणाला, "साहब, बाहर की है न? ये नहीं मानेंगे."

त्या दिवसापासून दिवसातून चार वेळा मी तिला घेऊन उतरत असे आणि चौकीदार काठी घेऊन उभा राहत असे. बावन्न पायऱ्या खाली, बावन्न वर. बाकी सगळा वेळ ती दाराशी. कोणी जिन्यात चाललं की उठायची, पावलं पुढे गेली की बसायची. मला ते बघवत नसे. माझी खुर्ची मी अशी फिरवून घेतली की दार पाठीशी येईल.

एकदा मी हिला म्हणालो, "आपण तिच्यावर उपकार करतोय की तिला कोंडून घातलंय?"

ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही तिच्याबद्दल विचारताय ना?"



जुलैत प्लास्टर निघालं. पाय जरा वाकडा जुळला होता, पण टेकत होता. डॉक्टर म्हणाले, चालवा तिला. पण ती जिना उतरेना. दार उघडलं की उंबऱ्यापर्यंत यायची, जिन्यातून खालचा वास घ्यायची आणि अंगावरचे केस ताठ करून मागे सरायची. खाली तिच्यासाठी कोण बसलं आहे हे तिला माहीत होतं. मी उचलून नेलं तरच जायची, काम उरकायची, आणि मी उचलावं म्हणून पायाशी अंग चोरून उभी राहायची. जी कुत्री आर. के. पुरमच्या तीन सेक्टरांत एकटी हिंडत असे, ती आता माझ्या दोन चपलांच्या मधे मावायला बघत होती.

मी म्हणालो, "बस झालं. ठरल्याप्रमाणे परत सोडू या."

 तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "चला. पण मीही येणार."

एका रविवारी सकाळी आम्ही व्हॅन करून निघालो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. नुसता तिच्यासाठी नाही. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिला सोडायचं, बंगाली बाईंकडे चहा घ्यायचा, मार्केटात एक चक्कर मारायची, असं मी मनात धरून चाललो होतो. पूल ओलांडून ओळखीचे रस्ते लागले तशी कुत्रीही उठून बसली. नाक खिडकीच्या फटीला, शेपूट सीटवर आपटत. ही म्हणाली, "कळलं हो तिला." आणि डोळ्याला पदर लावला.

आमच्या जुन्या ब्लॉकशी व्हॅन थांबली. दार उघडताच ती उडी मारून उतरली, लंगडत पण भराभर मागच्या गल्लीत गेली. आम्ही मागोमाग. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन तिने उंबरा हुंगला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. दार बंद होतं. ते रंगवलं होतं, हिरवं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून तिचीच टोळी आली. तीन कुत्री, मी त्यांना ओळखत होतो. थंडीत आमच्या कुत्रीसकट ती चौघं एकावर एक झोपायची. मला वाटलं आता खेळतील. पहिली आली, हुंगलं, आणि हुंगता हुंगता गुरगुरली. मग बाकीची दोघं भिडली. आमच्या कुत्रीने प्रतिकार केला नाही, ती पाठीवर पडली आणि पोट दाखवलं. तरी त्यांनी सोडलं नाही. मी ओरडलो, ही चप्पल घेऊन धावली.

आवाज ऐकून हिरवं दार उघडलं. पायजम्यातला एक तरुण माणूस बाहेर आला. "क्या हो रहा है? किससे मिलना है आपको?"

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याच्या खांद्यावरून मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्याशेजारची फडताळं काढून टाकली होती आणि तिथे फ्रिज ठेवला होता.

"हम यहाँ रहते थे," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी विचारलं. मग कुत्रीकडे बघून म्हणाला, "ये आपकी है? प्लीज़ यहाँ मत छोड़िएगा. हमारा छोटा बच्चा है."

"नहीं छोड़ेंगे," ही माझ्या आधी म्हणाली.

बंगाली बाईंच्या दाराला कुलूप होतं. त्यांची बदली झाली होती, हे त्या तरुणाकडूनच कळलं. मी मार्केटात गेलोच नाही. व्हॅनशी आलो तर कुत्री आमच्या आधी येऊन पोहोचली होती आणि बंद दारावर पंजे टेकून उभी होती. ड्रायव्हरने दार उघडलं, तशी आत चढून सीटखाली शिरली. मानेवर रक्त होतं. नोएडा येईपर्यंत आम्ही तिघंही एक अक्षर बोललो नाही, असं मी नंतर मुलाला सांगितलं तेव्हा तो हसला. पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. सकाळपर्यंत माझ्या मनात कुठेतरी होतं की इथे जमलं नाही तर ते तिकडे आहेच. काय आहे तिकडे, हे मी कधी नीट विचारलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस माझे फार वाईट गेले. मी कोणावरही चिडायचो. हिच्यावर, दूधवाल्यावर, समोरच्यांच्या टीव्हीवर. कुत्री पलंगाखाली गेली ती दोन दिवस आपणहून निघाली नाही. तिसऱ्या दिवशी मीच जमिनीवर आडवा होऊन पलंगाखाली पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी हात आत घातला आणि तसाच ठेवला. कंबर मोडून आली. बऱ्याच वेळाने तिने हनुवटी माझ्या मनगटावर टेकवली. तेवढंच झालं. पण त्या दिवसापासून मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली.

चौकीदाराला सगळी हकीकत सांगितली. तो विडी विझवून म्हणाला, "साहब, आप गोद में लेकर उतरते हैं न, वही गड़बड़ है. अपने पैरों से उतरने दीजिए. जल्दी मत कीजिए. और इन पाँचों से दोस्ती आप कीजिए, वो अपने आप कर लेगी."

मग आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि हिने, कामं वाटून घेतली. तिच्या गरजेपुरतं उचलून नेणं चालूच होतं. रोज चार वाजता मी खाली जाऊन त्या पाचांना शिळ्या पोळ्या घालायचो. हाताला कुत्रीचा वास असायचा, कारण जाण्याआधी ही मला तिच्या अंगावरून हात फिरवायला लावायची. त्याच वेळी ही कुत्रीला घेऊन जिन्यात बसायची. पहिले आठ-दहा दिवस आमच्याच दारासमोरच्या पायरीवर. मग पाच पायऱ्या खाली. ओढायचं नाही, बोलवायचं नाही, हा हिचा नियम. ही खाली बसून वाटाणे सोलायची, विणायची, आणि कुत्रीला वाटलं तर ती एक पायरी उतरून हिच्या शेजारी बसायची. वाटलं नाही तर त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आधी विचारलं, "आंटी, चाबी भूल गईं क्या?" मग त्यांना कारण कळलं आणि त्याही कधी चहा घेऊन पायरीवर बसायला लागल्या.

ऑक्टोबरात ती पहिल्या मजल्यापर्यंत आली होती. मग दिवाळी आली. फटाके सुरू झाले आणि ती बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसली. चार दिवस आपणहून तिथून हलली नाही आणि पुन्हा जिन्याकडे बघेना. दोन महिन्यांची मेहनत गेली. मी वैतागून म्हणालो, "आता नाही व्हायचं माझ्याकडून."

ही म्हणाली, "बरं. मग तुम्ही दुसरं काय करणार आहात चार वाजता?"

 आम्ही पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.

जानेवारीत धुकं असायचं. उन्हाचा एक पट्टा दुपारी आमच्या इमारतीच्या पायथ्याशी पडायचा आणि ती पाच कुत्री तिथे पसरलेली असायची. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांच्या जवळ बसायचो. आता ती मला सरकून जागा द्यायची. एका दुपारी त्यांच्यातल्या म्होरक्याने कान टवकारले. मी वळून पाहिलं. कुत्री शेवटच्या पायरीवर उभी होती. ही वर वळणावर थांबलेली, तोंडावर पदर दाबून. कुत्री उतरली. म्होरक्या उठून तिच्याभोवती एक फेरी मारून आला. मला वाटलं आता झडप घालणार आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. तिने मान दुसरीकडे वळवली आणि तशीच उभी राहिली. तो तिला हुंगत राहिला, शिंकला, आणि आपल्या जागी जाऊन पडला. ती त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर, उन्हाच्या अगदी कडेला, अर्धी सावलीत बसली.

चौकीदार गेटवरून ओरडला, "आ गई साहब!"

तिने त्या उबेत डोळे मिटले नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं बसली आणि आपल्या आपण वर गेली. मी तिच्या मागे जिना चढलो नाही. बसून राहिलो. कितीतरी महिन्यांनी माझे हात रिकामे होते.

पुढे ती रोज उतरायला लागली. पाचांच्या टोळीत ती कधी मिसळली नाही, पण तिला कोणी हटकेना. गेटच्या बाहेर मात्र ती शेवटपर्यंत गेली नाही. गेटपर्यंत यायची, रस्त्यावरच्या गाड्या बघायची आणि परत फिरायची. आठवड्यातून एखादा दिवस ती दाराच्या फटीला नाक लावून बसायची तशी अजूनही बसे. ती सुखी झाली का, हे मला कोणी विचारलं तर मी 'सवय झाली' एवढंच सांगेन. माझंही तसंच झालं. मला ती जागा कधी आवडली नाही. पण चारच्या सुमारास कोण कुठल्या पायरीवर भेटेल हे मला माहीत असायचं.

त्याच उन्हाळ्यात मुलगा चार दिवसांची रजा काढून आला. त्याने बंगलोरला मोठं घर घेतलं होतं. जेवताना म्हणाला, "बाबा, आई, तुम्ही दोघं तिकडेच चला ना. इथे काय आहे? लाइट नाही, पाणी नाही, यार. तिकडे वेदर पण मस्त आहे."

माझा घास हातातच राहिला. मी याच बोलावण्याची वर्षभर वाट पाहत होतो. घरातले पडदे, हिची भांडी, सगळं ट्रकमध्ये चढताना मला दिसायला लागलं.

"आणि ती?" ही म्हणाली.

"कोण, कुत्री? तिला कोणाला तरी देऊ. नाहीतर खाली राहील, आता ती... काय म्हणतात... यूज्ड टू झालीय ना?"

"सरावलीय," ही म्हणाली. "वर्ष लागलं तिला. मी तिला पुन्हा हलवणार नाही."

"आई, कुत्र्यासाठी तू—"

"तुझ्या बाबांना ने हवं तर."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. हीसुद्धा बघत होती.  कुत्री दाराशी उभी राहून पंजाने दार खरवडत होती. तिची खाली जायची वेळ झाली होती.

मी हात धुतला आणि चपला घातल्या.

"बघू," मी मुलाला म्हणालो, आणि तिच्यासाठी दार उघडलं.

आम्ही त्या फ्लॅटमध्ये आणखी नऊ वर्षं राहिलो.